आत्या, माझा हत्ती कधी येणार?

(वाचक ताईंचं पत्र मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते.)

ताई आत्या आहेत. भावाची मुलगी सात वर्षांची, मुलगा तेरा. मुलांच्या खोलीत आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात आणखी खेळणी कशाला, म्हणून गेल्या सणाला ताईंनी दोघांच्या नावाने केनियातली हत्तीची दोन अनाथ पिल्लं ‘दत्तक’ घेतली आणि प्रमाणपत्रं छान पाकिटात घालून दिली. मुलाने ‘ओके, थँक्यू’ म्हणून आपलं पाकीट खणात सरकवलं. मुलीने उडी मारून विचारलं, ‘आत्या, माझा हत्ती कधी येणार?’ येणार नाही म्हटल्यावर ती रडत रडत झोपली. वहिनी म्हणाल्या, ‘पैसे हत्तीला आणि कागद पोरीला.’ आई म्हणाल्या, ‘माणसांची लेकरं उघड्यावर आहेत, आधी त्यांचं बघा.’ या वर्षी ताईंचा बेत त्याहून मोठा आहे. घरात कुणीच कुणाला काही द्यायचं नाही, सगळ्यांचे पैसे एकत्र करून अनाथ वन्यप्राण्यांच्या एखाद्या केंद्राला द्यायचे. शिवाय सुट्टीत मुलांना अशा ठिकाणी न्यायचं जिथे सिंहाच्या पिल्लांना हाताने बाटलीतून दूध पाजता येतं, ‘म्हणजे त्यांना पटेल’. ताई विचारतात, माझं चुकतंय का? आणि नसेल चुकत, तर घरच्यांना पटवू कसं?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात पटलेलं माणूस म्हणजे तुमची भाची. बाकी सगळे त्या कागदावर बोलत होते, हत्तीबद्दल बोलली ती एकटी. ‘दत्तक’ हा शब्द तिने जसा आहे तसा घेतला. दत्तक म्हणजे घरी येणार, आपलं आडनाव लावणार, आपल्या शेजारी झोपणार. सात वर्षांच्या मुलीने यापेक्षा वेगळं काय समजायचं? संस्थांनी हा शब्द फार सैल वापरला आहे. त्या ज्याला दत्तक म्हणतात ते असतं नावापुरतं पालकत्व. एकेका पिल्लाचे असे पालक जगभर पसरलेले असतात, आणि तुमचे पैसे त्या एका पिल्लाच्या बाटलीत न जाता सगळ्यांच्या दुधाच्या, औषधांच्या, पगारांच्या खर्चात जातात. यात फसवाफसवी नाही, तसंच असायला हवं. एरवी फोटोत गोंडस दिसणाऱ्या पिल्लाची चंगळ झाली असती आणि कान फाटलेलं, चिडकं पिल्लू उपाशी राहिलं असतं. पण हे त्या मुलीला पाकीट उघडायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच.

आता थोडं टोचेल असं बोलते. ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ ही म्हण तुम्हाला माहीत असेलच. पैसे तुमचेच होते, मान्य. पण सणाला आत्याकडून काहीतरी मिळणार हा त्या मुलीच्या मनातला हक्क होता. तो तुम्ही परस्पर हत्तीला देऊन टाकलात. दिल्याचं समाधान तुमच्याकडे आलं, दूध हत्तीकडे गेलं, आणि मधल्या मधे भाचीला उदार व्हावं लागलं, तेही तिला न विचारता. वहिनींचं वाक्य कडू आहे, पण त्यातला हिशोब चुकलेला नाही.

स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. प्रमाणपत्र मिळणार नसतं, कुणाला दाखवायला काहीच नसतं, तरी तुम्ही ते पैसे दिले असते का? तुमच्या पत्राच्या सुरावरून मला वाटतं, नक्की दिले असते. मग ते तुमच्या नावाने द्या, तुमच्या खात्यातून द्या, सणाची वाट न बघता द्या. भाचीची भेट वेगळी. एवढं वेगळं काढलंत की निम्मा गुंता सुटतो, आणि कुणाला काही पटवावंही लागत नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी, ते पैसे नेमके कशाला जातात हे बघू. वर्णनावरून तुमची संस्था शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट असावी. डेव्हिड शेल्ड्रिक त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाचे वॉर्डन होते. १९७७ मध्ये ते वारले आणि त्यांच्या पत्नी डॅफ्नी यांनी त्यांच्या स्मरणार्थ हे काम उभं केलं. डॅफ्नीबाई २०१८ मध्ये गेल्या, आता मुलगी अँजेला काम बघते. डॅफ्नीबाईंचं खरं मोठं काम दुधाचं. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईच्या दुधातली स्निग्धता पचत नाही. आई मेलेली पिल्लं सापडायची, लोक जीव तोडून दूध पाजायचे आणि पिल्लं हगवणीने जायची. कित्येक वर्षं वेगवेगळी मिश्रणं करून बघितल्यावर खोबरेल तेल घातलेलं मिश्रण लागू पडलं.

पण नुसतं दूध पुरत नाही. १९७४ मध्ये त्यांच्याकडे आयेशा नावाचं सहा महिन्यांचं पिल्लू होतं. डॅफ्नीबाई मुलीच्या लग्नासाठी थोडे दिवस दूर गेल्या. आयेशाने तेवढ्यात खाणंपिणं सोडलं आणि ती मेली. तिने दुसऱ्यांदा आई गमावली होती. तेव्हापासून पिल्लाला एकाच माणसाची सवय लागू द्यायची नाही, हे तिथे पाळतात. राखणदार रात्री पिल्लाशेजारी त्याच्याच खोपटात झोपतात, पण माणूस आलटून पालटून बदलतो. दर तीन तासांनी बाटली. आणि बाटली देताना समोर एक घोंगडी टांगतात किंवा धरतात, कारण दूध पिताना पिल्लाला सोंड कशाला तरी टेकवायची असते. कळपात ती आईच्या पोटाला टेकते. इथे घोंगडीला.

हे मी तुम्हाला रडवायला सांगत नाहीये, काळाचा हिशोब लक्षात यावा म्हणून सांगते आहे. पिल्लू साधारण तीन वर्षांचं होईपर्यंत नैरोबीच्या संगोपन केंद्रात असतं. मग त्सावोत व्होई किंवा इथुंबाला, नाहीतर किब्वेझीच्या जंगलाकडे हलवतात. तिथे दिवसभर रानात भटकायचं, रानटी हत्तींशी ओळख करून घ्यायची, रात्री कुंपणात परतायचं. कायमचं कधी निघून जायचं ते माणूस ठरवत नाही, हत्ती ठरवतो. कुणी आठव्या वर्षी जातो, कुणी दहाव्या. म्हणजे तुमच्या एका वर्षाच्या प्रमाणपत्राची मुदत संपते तेव्हा ते पिल्लू अजून बाटलीवरच असतं! अशा कामाला सणासुदीला एकदा येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला न चुकता येणारी छोटी रक्कम जास्त कामाची, कारण राखणदाराचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. या ट्रस्टचं पालकत्व वर्षाला ५० डॉलरपासून सुरू होतं. पुढची पाच वर्षं ते चालू ठेवायची तुमची तयारी आहे का, हा प्रश्न ‘या सणाला किती देऊ’ यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. पत्रात तुम्ही ‘अनाथ पिल्लं वाचवणं’ आणि ‘वन्यजीव वाचवणं’ हे एकच असल्यासारखं लिहिलं आहे. दोन्ही चांगलीच कामं, पण ती एक नव्हेत. २०१६ च्या अहवालानुसार आफ्रिकेत सुमारे ४,१५,००० हत्ती होते. शेल्ड्रिक ट्रस्टने इतक्या दशकांत वाढवलेली अनाथ पिल्लं तीनशेहून थोडी जास्त. दुसरीकडे २०२२ च्या दुष्काळात, फेब्रुवारी ते ऑक्टोबर एवढ्या काळात, एकट्या केनियात २०५ हत्ती मेले. संख्येच्या हिशोबात एका पिल्लाने काही हलत नाही. त्याला वाचवायचं ते ते समोर उभं आहे म्हणून आणि त्याची आई बहुधा आपल्या माणसांमुळे मेली म्हणून. ही करुणा झाली, आणि करुणेला आणखी कुठलं कारण लागत नाही. फक्त तिला ‘जंगल वाचवलं’ असं म्हणू नका. मुलांना तर मुळीच सांगू नका, तेरा वर्षांचा मुलगा पाच मिनिटांत आकडे काढून तोंडावर फेकेल.

जंगल वाचवायचं काम त्याच ट्रस्टमध्ये दुसरीकडे चालतं. शिकाऱ्यांनी झुडपांत लावलेले तारेचे फासे शोधून काढणारी पथकं आहेत. केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसबरोबर फिरणारे पशुवैद्य आहेत, ते जखमी हत्तिणीला जागेवरच भूल देऊन तिच्या पायात रुतलेला फास कापतात. हत्तीण वाचली की तिचं पिल्लू अनाथ होतच नाही. पण दिवसभर उन्हात तारा गोळा करणाऱ्या माणसाला कोण दत्तक घेणार! त्याचा फोटो कुणी फ्रिजवर लावत नाही. तुम्ही मोठी माणसं एकमेकांत जे पैसे गोळा करणार आहात ते तिकडे वळवता आले तर बघा.

कधीकधी मात्र अनाथ पिल्लू आणि जंगल दोन्ही एकाच कामात वाचतात. आसामात मानस राष्ट्रीय उद्यानातले गेंडे १९९० च्या दशकातल्या अशांततेत शिकारीपायी संपले. एकही उरला नाही. इकडे काझीरंगात दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर येतो, गेंड्यांची पिल्लं आयांपासून तुटून वाहत जातात. २००२ मध्ये आसाम वनविभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि आयफॉ ही प्राणीकल्याणाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून काझीरंगाजवळ वन्यजीव पुनर्वसन केंद्र सुरू केलं. तिथे बाटलीवर वाढलेली पिल्लं २००६ पासून मानसमध्ये नेऊन सोडायला सुरुवात झाली. त्यातल्या गंगा आणि जमुना पुढे मानसमध्येच आया झाल्या. पुरातून उचललेल्या पिल्लांनी एका रिकाम्या जंगलात गेंडे परत आणायला हातभार लावला. पैसे देताना अशी जागा शोधा. ‘पिल्लू वाचल्यावर कुठे जाणार आहे?’ हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात.

‘अनाथ’ हा शब्दही जरा तपासून घ्यायला हवा. जुन्नरकडे ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. बिबटीण उसालाच जंगल समजून तिथे व्यालेली असते. माणसांचा गलका झाल्यावर ती बाजूला सरते, आणि लोकांना वाटतं पिल्लं पोरकी झाली. ती पोरकी होतात ती कुणी उचलून नेल्यावर. जाणकार माणसं काय करतात? पशुवैद्य पिल्लं तपासतो, मग संध्याकाळी त्याच फडाच्या कडेला, जिथे सापडली तिथेच, ती प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात, शेजारी कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जाऊन बसतात. अंधार पडल्यावर बिबटीण येते. पंजाने क्रेट उलटवते, एकाला मानेला धरून उचलते, नेऊन ठेवते, दुसऱ्यासाठी परत येते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राशी जोडलेली मंडळी आणि वनविभाग हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. या रात्रीला खर्च येतो तो गाडीचा, कॅमेऱ्याचा आणि चार माणसांच्या जागरणाचा. तीच पिल्लं पिंजऱ्यात वाढली असती तर जन्मभर पिंजऱ्यातच राहिली असती.

हरणाचं पाडसही असंच. आई त्याला गवतात दडवून चरायला जाते. त्याने हलायचं नाही, हे त्याला उपजत कळतं. कुणीतरी येतं, ‘अरेरे, एकटंच आहे’ म्हणून उचलून घरी नेतं आणि त्या क्षणी ते खरोखर अनाथ होतं. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूतही बहुतेक वेळा खोटी ठरते. उडायला शिकणारं पाखरू जमिनीवर दिसलं तरी आईबाप वरच्या फांदीवर असतात. या सणाला तुम्ही मुलांना एवढंच शिकवलंत, की पिल्लू दिसलं तर उचलायचं नाही, लांब उभं राहायचं आणि वनविभागाला कळवायचं, तरी ती भेट प्रमाणपत्रापेक्षा भारी ठरेल. आणि तिला एक पैसा लागत नाही.

आता त्या सिंहाच्या पिल्लांकडे येते. इथे मी नेहमीसारखं ‘दोन्ही बाजूंनी विचार करू’ म्हणणार नाही. नेऊ नका. अगदी नेऊ नका.

हा धंदा दक्षिण आफ्रिकेत फोफावला. पिल्लं जन्मली की काही दिवसांतच आईपासून काढतात. याने दोन गोष्टी साधतात. सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते आणि पुढची वेत मिळते, आणि पर्यटकांना मांडीवर घ्यायला सतत छोटी पिल्लं तयार असतात. येणाऱ्याला सांगतात, ‘आईने टाकलं, अनाथ आहे, तुमच्या पैशाने वाचेल.’ चारपाच महिन्यांत पिल्लाचे दात आणि नखं धोक्याची होतात, मग ते मांडीवरून जातं. जातं कुठे? माणसाच्या हातून वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. त्यातले कित्येक कुंपणातल्या शिकारीसाठी गेले, कित्येकांची हाडं विकली गेली. तुमच्या भाचीच्या हातातली बाटली ही त्या साखळीची पहिली कडी असते.

शेल्ड्रिककडे बघा. नैरोबीत लोकांना दिवसातून तासभर पिल्लं बघता येतात, दोरीच्या अलीकडून. बोर्निओत ओरांगउटानची अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या केंद्रांमध्ये तर पाहुण्यांना जवळही जाऊ देत नाहीत, कारण आपली साधी सर्दी त्यांना महागात पडते. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते आणि पिल्लू तेवढीच वर्षं तिला चिकटून सगळं शिकतं, कुठलं फळ कधी पिकतं, रात्रीची माच कशी विणायची. बाजारात विकायला आलेल्या प्रत्येक पिल्लामागे एक मारलेली आई असते, कारण ती जिवंत असेपर्यंत पिल्लू सोडत नाही. बोर्निओतलंच न्यारू मेंतेंग इथलं केंद्र १९९९ पासून आहे. तिथे या पिल्लांची चक्क जंगलशाळा भरते, आणि झाडावर चढायचं सोडून माणसाच्या कडेवर बसलेलं पिल्लू तिथे नापास! जे केंद्र तुम्हाला पिल्लू हातात देतं, त्याला ते पिल्लू परत जंगलात सोडायचं नसतं. हा एक नियम लक्षात ठेवलात तर बरेच घोटाळे टळतील.

आईंच्या बोलण्याबद्दल. ‘माणसांची लेकरं उघड्यावर आहेत’ हे वाक्य दोन प्रकारचे लोक बोलतात. एक, जे ना माणसांना देतात ना जनावरांना. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरे, ज्यांनी स्वतः ओढगस्त बघितली आहे किंवा ज्यांच्या डोळ्यांसमोर एखादं नेमकं लेकरू आहे. तुमच्या आई कुठल्या प्रकारातल्या ते मला माहीत नाही, पण तुम्ही त्यांना विचारलंत का, ‘आई, कुणाबद्दल म्हणतेस?’ कदाचित त्यांच्या मनात एक नाव असेल. असेल तर त्यांच्या वाटचे पैसे तिकडे जाऊ द्या आणि त्यावर एक शब्दही बोलू नका. हत्ती की माणूस असं पारड्यात टाकून कुणी जिंकत नाही. आपण नवा फोन घेतो तेव्हा कुणी म्हणत नाही की आधी लेकरांचं बघा, दान करायला निघालो की मात्र लोकांना लेकरं आठवतात, याची मला गंमत वाटते. पण ही गंमत आईसमोर बोलून दाखवायची नसते.

आणि तो ‘कुणीच कुणाला काही द्यायचं नाही’ हा ठराव? तो बारगळू द्या. एकाने उत्साहाने मांडायचा आणि बाकीच्यांनी नाही म्हणायला लाज वाटते म्हणून मान डोलवायची, अशा ठरावातून घरात अबोला येतो. मोठ्यांपैकी ज्यांना खरंच काही नको असतं ते आपणहून सांगतील. त्यांना आधी विचारा, ‘तुझ्या नावाने अमुक ठिकाणी दिले तर चालतील का, की तुला दुसरं काही हवंय?’ मग नाही म्हणण्याची सोय ठेवा. पुष्कळ वाचक मला लिहितात की सहकाऱ्याला, व्याह्यांना, सगळं असलेल्या भावाला काय द्यावं कळत नाही, म्हणून त्यांच्या नावाने देणगी देऊन टाकली. न विचारता दिलेली देणगी घेणाऱ्याला अवघडून टाकते. त्याला आभार मानावे लागतात, आणि कशाचे ते कळत नाही.

मुलांकडे वळते. तुमच्या भाच्याला मी पाकीट दिलं नसतं, काम दिलं असतं. त्याला एक रक्कम सांगा आणि म्हणा, ‘कुठे द्यायचे ते तू ठरव, पण मला कारण सांगायचं.’ तेरा वर्षांच्या मुलाला कुणाचं तरी बिंग फोडायला फार आवडतं. त्या आवडीचा फायदा घ्या. संस्था प्राण्यांना हात लावू देते का, पिंजऱ्यात वीण करवते का, प्राणी विकते का? गेल्या वर्षी किती पिल्लं आली आणि किती गेली ते उघड सांगते का? (फक्त वाचलेल्यांचेच फोटो टाकणाऱ्या संस्थेवर माझा भरवसा बसत नाही.) सोडता न येणाऱ्या प्राण्याचं पुढे काय करते? सरकारी वनखात्याच्या परवानगीने काम करते का, की आपणच प्राणी उचलून आणते? हिशोब तपासलेले, छापलेले आहेत का? ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युअरीज ही २००७ मध्ये सुरू झालेली संघटना अशा केंद्रांना पारखून मान्यता देते, आणि आफ्रिकेतल्या माकडवर्गीय प्राण्यांच्या केंद्रांची पॅन आफ्रिकन सँक्च्युअरी अलायन्स ही संघटना आहे. त्यांच्या याद्या त्याला बघू दे. यादीत नाव नाही म्हणून संस्था वाईट असं नाही, लहान संस्थांना ती प्रक्रिया झेपत नाही. पण नाव नसेल तर त्याने चार प्रश्न जास्त विचारावेत. जाता जाता, देशाबाहेरच्या संस्थेला दिलेल्या पैशांवर करसवलत सहसा मिळत नाही, तेही त्याच्या हिशोबात येऊ द्या.

भाचीला तुम्ही आधी एक कबुली देणं लागता. तिला सरळ सांगा, ‘मी चुकीचा शब्द वापरला. दत्तक नाही, आपण त्याच्या दुधाला पैसे दिले.’ मुलांना मोठ्यांनी चूक कबूल केलेली आवडते, ती लगेच माफ करतात. मग या वर्षी तिला हातात धरता येईल अशी भेट द्या. हत्तीच द्या हवं तर, कापसाचा, झोपताना कुशीत घ्यायला. देणगी त्याच्या मागून हळूच येऊ द्या. शेल्ड्रिककडून दर महिन्याला पालकांना पिल्लाची खबरबात येते, राखणदारांच्या रोजनिशीतली पानं असतात, अँजेला शेल्ड्रिक यांनी काढलेलं जलरंगातलं चित्रही असतं. गेल्या वर्षभरात ते मेल तुमच्याकडेच येत राहिले असणार. वाचलेत? बहुधा नाही, आपण कुणीच वाचत नाही. ते काढा. महिन्यातून एकदा भाचीला मांडीवर घेऊन वाचा. आज चिखलात कोण आधी लोळलं, कुणी कुणाची बाटली पळवली, नव्या पिल्लाला कुठल्या मोठ्या ताईने पोटाशी घेतलं. नकाशावर नैरोबी दाखवा, मग त्सावो. हत्ती येत नाही, पण बातमी येते. सात वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं की नाही ते तीच सांगेल.

हे सुरू करण्याआधी एका गोष्टीची तयारी ठेवा. ही पिल्लं मरतातही. पुष्कळ मरतात, विहिरीत पडून फुप्फुसात पाणी गेलेली, उपासमारीने आधीच खंगलेली. मी एकदा अशाच एका पिल्लाची पालक होते. चौथ्या महिन्यात पत्र आलं की ते रात्रीत गेलं, राखणदार शेजारी होता. संस्थेने लिहिलं होतं, तुमचं पालकत्व दुसऱ्या पिल्लाकडे वळवू का. मला दोन दिवस उत्तर देता आलं नाही. लहान मुलाच्या घरात असं पत्र आलं तर लपवू नका आणि गुपचूप दुसऱ्या पिल्लाचा फोटोही लावू नका. तिला सांगा, आणि दुसरं पिल्लू घ्यायचं की नाही हे तिला ठरवू द्या. ती नाही म्हणाली तर तेही ऐका.

वहिनींचं राहिलं. या सगळ्यातलं काहीही करण्याआधी, पैसे पाठवण्याआधी, कापसाचा हत्ती आणण्याआधी, त्यांना फोन करा. मुलांच्या सणाला काय द्यायचं हे तुम्ही गेल्या वर्षी एकटीने ठरवलंत, आणि रडणाऱ्या मुलीला थोपटून झोपवलं त्यांनी. त्यांना एवढंच विचारा, ‘या वेळी काय करू या?’